‘गिव्ह अप’ : एका इंग्रजी क्रियापदाचे अर्थ, पर्याय आणि मराठी ‘सोडणे’

प्रस्तावना

‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे मराठी माध्यमाच्या शाळेतील विद्यार्थी प्राथमिक वर्गातच शिकतो. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यानंतर तर हे दोन्ही शब्द त्याच्या कानावर अगदी लहान वयात पडतात. मात्र पदवीच्या वर्गात ‘ही गेव्ह अप’ असे वाक्य आले की हे दोन्ही परिचित शब्द त्याच्या उपयोगी पडत नाहीत. येथे कोणी कोणाला काही दिलेले नसते आणि काही वरही गेलेले नसते. शब्दकोशात पाहावे तर ‘सोडणे, त्यागणे, हार मानणे, शरण जाणे, स्वाधीन करणे, आशा सोडणे’ अशी रांग समोर येते. त्यांपैकी कोणता अर्थ कोठे लावावा हे कोश सांगत नाही, आणि विद्यार्थी बहुधा पहिला शब्द उचलून मोकळा होतो.

पैनगंगेच्या काठी, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. येथील वर्गात वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारी मुले असतात, तसेच घरी कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलणारीही असतात. प्रमाण मराठी हीच त्यांतील अनेकांची दुसरी भाषा होय. इंग्रजी शब्दाला एक प्रमाण मराठी प्रतिशब्द देऊन थांबणे म्हणजे त्यांना एका परक्या भाषेतून दुसऱ्या, काहीशा परक्या, भाषेत नेऊन सोडणे होय. प्रस्तुत लेखात ‘गिव्ह अप’ या एकाच क्रियापदाचे अर्थ आणि पर्यायी शब्द यांचा विचार केला आहे. त्यातील अर्थभेद विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या भाषांत आधीच कसे उपस्थित आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न त्यामागे आहे.

‘फ्रेजल व्हर्ब’ : संज्ञा आणि स्वरूप

क्रियापद आणि त्यापाठोपाठ येणारे ‘अप, ऑफ, आउट, इन’ यांसारखे अव्यय मिळून जेव्हा एक नवा अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली. ती आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली असे स्मिथ यांनी नमूद केले आहे. संज्ञा विसाव्या शतकातील असली तरी अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांची स्वतंत्र दखल घेतली आणि परभाषिकांना इंग्रजीत सर्वाधिक त्रास यांचाच होतो असे म्हटले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे ‘थांबणे’ हे एक आहे. आज त्या अर्थी ‘गिव्ह अप’ वापरले जाते आणि ‘गिव्ह ओव्हर’ जवळजवळ मागे पडले आहे. अव्यय बदलत राहते आणि क्रियापद तेच राहते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

संस्कृतशी परिचय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे परस्परांपासून दूर असलेले शब्द केवळ उपसर्गाच्या बळावर तयार होतात. फरक इतकाच, की संस्कृतात उपसर्ग धातूच्या पुढे बसतो आणि त्याला चिकटतो. इंग्रजीत अव्यय मागे बसते आणि सुटे राहते. जर्मनमधील ‘आउफगेबेन’ या क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘वर देणे’ असाच आहे आणि ते ‘सोडून देणे’ या अर्थी येते. पण पार्सल टपालात टाकण्यासाठीही तेच क्रियापद वापरतात. एकाच घराण्यातील दोन भाषांत एकाच घडणीचा शब्द इतका वेगळा वागत असेल, तर अर्थ अवयवांवरून काढता येईल ही अपेक्षाच सोडलेली बरी.

तरीही ‘अप’ अगदी निरर्थक नाही. ‘ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, फिनिश अप’ या प्रयोगांत ‘अप’ क्रिया पूर्ण झाल्याचे, काही शिल्लक न राहिल्याचे सांगते. मराठीत हे काम सहायक क्रियापद करते : खाऊन टाकणे, पिऊन टाकणे, संपवून टाकणे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि त्यानंतरही मराठी क्रियापदाचा ऊहापोह होत आला आहे, पण इंग्रजी शिकवताना मराठी संयुक्त क्रियापदाची आठवण क्वचितच काढली जाते. ‘टाकणे’ म्हणजे फेकणे असे समजून ‘खाऊन टाकले’ या वाक्यात काय फेकले असा प्रश्न कोणी मराठी माणूस विचारत नाही. ‘गिव्ह अप’मध्ये काय वर गेले, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

वाक्यातील वर्तन

अर्थाकडे वळण्यापूर्वी रचनेची दखल थोडक्यात घ्यावी लागेल. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर येऊ शकते, सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन करणारी केंद्र शासनाची २०१५ मधील मोहीम ‘गिव्ह इट अप’ या नावाने घरोघरी पोहोचली. ‘गिव्ह अप इट’ का नाही, हे शिकविण्यासाठी याहून ओळखीचे उदाहरण सापडणे कठीण. पुढे क्रिया आली तर ती ‘इंग’ प्रत्ययान्त असते : ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘गिव्ह अप टु स्मोक’ ही उत्तरपत्रिकांत वारंवार दिसणारी चूक होय. कर्म नसेल तर अर्थ ‘हार मानणे’ असा होतो. ‘ऑन’ जोडल्यास एखाद्या व्यक्तीविषयीची आशा सोडणे, तिचा नाद सोडणे, असा अर्थ मिळतो. कर्त्याचे स्वतःचेच सर्वनाम मध्ये आले, म्हणजे ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’, तर तो पोलिसांच्या स्वाधीन झाला असे समजावे.

‘सोडणे’ किती पुरते?

‘गिव्ह अप’चा पहिला मराठी प्रतिशब्द ‘सोडणे’ हाच आहे आणि तो चूक नाही. नोकरी सोडणे, तंबाखू सोडणे, आशा सोडणे, हट्ट सोडणे, गादी सोडणे या सर्व ठिकाणी तो चपखल बसतो. इंग्रजीत ‘गिव्ह अप द घोस्ट’ म्हणतात, मराठीत ‘प्राण सोडणे’. अडचण उलट्या दिशेने येते, कारण ‘सोडणे’चा पसारा ‘गिव्ह अप’पेक्षा कितीतरी मोठा आहे. कालव्याला पाणी सोडतात, मुलाला शाळेत सोडतात, केस मोकळे सोडतात, कैद्याला सोडतात. यांपैकी एकाही ठिकाणी ‘गिव्ह अप’ चालणार नाही. सर्वांत फसवे उदाहरण ‘उपवास सोडणे’ हे होय. एकादशीचा उपवास द्वादशीला सोडला म्हणजे तो विधिपूर्वक पूर्ण झाला. इंग्रजीत त्याला ‘ब्रेक’ लागते. तेथे ‘गिव्ह अप’ वापरले तर उपवास झेपला नाही म्हणून मध्येच टाकला, असा अर्थ होईल.

शिवाय ‘सोडणे’ म्हटले की विद्यार्थ्याच्या मनात प्रथम ‘लीव्ह’ येते. ‘ही लेफ्ट हिज जॉब’ हे वाक्य बरोबर असते, म्हणून तो ‘ही लेफ्ट स्मोकिंग’ असेही लिहितो. असे इंग्रजी भारतात सर्रास ऐकू येते, त्यामुळे त्यात काही खटकतही नाही. स्थूलमानाने सांगायचे तर ‘लीव्ह’मध्ये मनुष्य जागेपासून किंवा पदापासून दूर जातो, ‘गिव्ह अप’मध्ये तो तेथेच राहूनही एखादी वस्तू, सवय किंवा हक्क आपल्यापासून दूर करतो.

मराठीत आणखी एक भेद आहे, जो इंग्रजीत नाही. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, तशी सुटणे–सोडणे ही जोडी आहे. ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ ही दोन वाक्ये एकच घटना सांगतात. पण पहिल्यात निश्चय त्याचा आहे, दुसऱ्यात तो जणू बाजूला उभा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या एका बाजूला वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तर दुसऱ्या बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. अशा परिसरात ‘दारू सुटत नाही’ हे वाक्य मुलांनी पुस्तकाबाहेरच पुष्कळदा ऐकलेले असते. त्याचे इंग्रजी करताना कर्ता पुढे आणावाच लागतो : ‘ही कॅनॉट गिव्ह अप ड्रिंकिंग’. मराठी वाक्य दारूविषयी तक्रार करते, इंग्रजी वाक्य माणसाच्या सामर्थ्याविषयी बोलते. भाषांतराने दोष कोणाच्या माथी मारला, याचा विचार वर्गात झाला पाहिजे.

वऱ्हाडी बोलीतील एक गंमतही येथे नोंदवण्याजोगी आहे. ‘तो दारू सोडून राहिला’ याचा वऱ्हाडीत सरळ अर्थ ‘तो दारू सोडतो आहे’ असा होतो. क्रिया चालू आहे. प्रमाण मराठीचा वाचक तेच वाक्य ‘सोडून, मग तसाच राहिला’ असे वाचील. म्हणजे क्रिया आधीच संपलेली. विद्यार्थ्याने त्याचे इंग्रजी ‘ही इज गिव्हिंग अप’ असे केले तर ते अचूक आहे आणि परीक्षकाने ते कापू नये.

मराठी वाक्प्रचारांची श्रीमंती

हार मानण्याच्या अर्थी मराठीने शरीराचा आणि प्राण्यांचा चांगला उपयोग करून घेतला आहे. उपाय थकले की डॉक्टर हात टेकतात. जबाबदारी नको असली की लोक हात वर करतात. बलाढ्यापुढे गुडघे टेकले जातात. चढेल माणसाला धाक बसला की तो विंचवासारखी नांगी टाकतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘गिव्ह अप’ किंवा त्याचे भावंड ‘गिव्ह इन’ येईल. या दोहोंतील फरक असा की ‘गिव्ह अप’मध्ये प्रयत्न थांबतो, तर ‘गिव्ह इन’मध्ये विरोध थांबतो. अवघड गणित सोडून दिले तर ‘गिव्ह अप’. मुलाच्या हट्टापुढे नमते घेतले तर ‘गिव्ह इन’. गणितापुढे कोणी नमते घेत नाही.

त्यागाच्या अर्थी असलेले वाक्प्रचार विधींतून आले आहेत. दानाच्या वेळी हातावरून पाणी सोडण्याची प्रथा आहे. त्यावरून ‘पाणी सोडणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवरील हक्क वा आशा संपविणे. ‘तुळशीपत्र ठेवणे’ हेही दानविधीतलेच. ‘तिलांजली देणे’ मात्र मृताला तीळमिश्रित पाण्याची ओंजळ देण्यावरून आले. त्यामुळे ‘संकोचाला तिलांजली दिली’ म्हणताना तो संकोच मेला, परत येणार नाही, असे सूचित होते. व्यवहारात ‘त्या उसनवारीवर पाणी सोडले’ असे म्हणणारा मनुष्य दानशूर नसतो. पैसे बुडाले हे त्याने ओळखलेले असते. विधीतील उदारपणा आणि व्यवहारातील हताशपणा एकाच वाक्प्रचारात नांदतात. ‘गिव्ह अप’ हे क्रियापदही असेच दुतोंडी आहे. राज्य सोडणारा आणि आशा सोडणारा, दोघांनाही ते तितक्याच सहजतेने लागू पडते.

इंग्रजी पर्यायी शब्द

या दुतोंडीपणामुळेच इंग्रजीला इतके पर्याय लागतात. त्यांपैकी बहुतेक शब्द लॅटिन–फ्रेंच परंपरेतून आलेले असून ते औपचारिक लेखनात शोभतात. ‘गिव्ह अप’ बोलण्यात. पण त्यांना केवळ ‘जड शब्द’ मानणे बरोबर नाही. त्यांतील प्रत्येक शब्द एक प्रश्न सोडवतो : वस्तू कोणाकडे गेली का? सोडणारा राजी होता का? परत मिळण्याची वाट उरली का?

‘रिनाउन्स’ म्हणजे जाहीरपणे, तत्त्वपूर्वक त्याग. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘सर’ हा किताब सोडला, तेव्हा इंग्रजीत हाच शब्द वापरला जातो. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ८ मध्ये स्वेच्छेने नागरिकत्व सोडण्याची तरतूद आहे, तेथेही ‘रिनाउन्स’चेच नाम आहे. राजाने गादी सोडली तर त्यासाठी ‘अ‍ॅब्डिकेट’ हा स्वतंत्र शब्द आहे. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये केला तो राजत्याग.

‘सरेंडर’चा अर्थ विद्यार्थी ‘शरण जाणे’ असा एकच जाणतो. असहकाराच्या १९२० च्या कार्यक्रमात पदव्या आणि मानाची पदे यांच्या बाबतीत हाच शब्द होता; त्याचे भाषांतर ‘पदव्यांची शरणागती’ केले तर हसे होईल. तेथे ‘पदव्यांचा त्याग’ किंवा ‘पदव्या परत करणे’ हेच योग्य. चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांनी १९६० मध्ये विनोबांसमोर आणि १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने शस्त्रे ठेवली, त्याला मराठीत ‘आत्मसमर्पण’ म्हटले जाते. ‘शरणागती’त पराभव आहे, ‘समर्पणा’त मनःपरिवर्तन. इंग्रजी शब्द एकच आहे. निवड मराठी भाषांतरकाराला करावी लागते आणि ती निवड म्हणजे घटनेविषयीचा अभिप्रायच असतो.

‘अबॅन्डन’मध्ये जबाबदारी टाकून जाणे आहे. मराठीत त्यासाठी ‘सोडणे’पेक्षा ‘टाकणे’ जवळचे : टाकलेली बायको, टाकून दिलेले मूल. ‘सीड’ हे प्रदेश दुसऱ्या सत्तेकडे देण्यासाठी, ‘वेव्ह’ हे हक्क किंवा शुल्क माफ करण्यासाठी, ‘फोरगो’ हे मिळू शकणारी गोष्ट आधीच नाकारण्यासाठी. ‘फॉरफिट’ मात्र या पंक्तीत बसवू नये; तेथे सोडणे नाही, चुकीपायी गमावणे आहे. आंदोलन ‘मागे घेणे’ हेही ‘गिव्ह अप’ नव्हे. चौरीचौरानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार आंदोलन थांबविले गेले, त्यासाठी ‘कॉल ऑफ’ म्हणतात; ‘गिव्ह अप’ म्हटले की त्यात थकवा आणि पराभव शिरतो.

सीमेवरच्या भाषा

तेलुगूत ‘सोडणे’ या अर्थाच्या धातूला दोन निरनिराळी सहायक क्रियापदे लागून दोन अर्थ होतात. ‘वदिलेयडम्’ यात ‘टाकणे’ या अर्थाचे क्रियापद जोडलेले आहे. अर्थ मराठी ‘सोडून देणे’सारखा. ‘वदुलुकोवडम्’ यात कर्त्याकडे वळणारे क्रियापद आहे; स्वतःचे असलेले, स्वतःला हवे असलेले काही सोडणे, त्याला मुकणे, असा भाव त्यातून निघतो. इंग्रजीत हा भेद ‘ड्रॉप’ आणि ‘रिलिंक्विश’ यांच्या आसपास जातो. भारतातील भिन्न कुळांच्या भाषांनी एकमेकींच्या शेजारी राहून अशी साम्ये कमावली आहेत, हा विचार मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये मांडला. त्यांचाच कोलामी भाषेवरील ग्रंथ त्याच्या एक वर्ष आधी, १९५५ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. संयुक्त क्रियापद हे या साम्यांपैकी एक ठळक लक्षण होय. सीमावर्ती तालुक्यातील वर्गात हा केवळ भाषाशास्त्रीय तपशील नाही. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला ‘गिव्ह अप’चा अर्थ प्रमाण मराठीमार्गे सांगण्याऐवजी, ‘तुमच्या घरी हे कसे म्हणतात?’ असे विचारले तर उत्तर अधिक नेमके मिळेल. कोलाम पोडावरून येणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच प्रश्न विचारता येतो. उत्तर अध्यापकाला ठाऊक नसेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

हक्कसोडपत्र : एक भाषांतर

हे सर्व भेद एकाच वाक्यात एकवटलेले पाहायचे असतील तर ‘शी गेव्ह अप हर शेअर इन द लँड’ हे वाक्य घ्यावे. शेतीवर जगणाऱ्या कोणत्याही तालुक्यात हे वाक्य काल्पनिक नाही. वडिलांच्या पश्चात बहिणींनी भावांच्या नावे हिस्सा सोडावा, असा प्रघात अनेक कुटुंबांत आहे आणि त्यासाठीच्या दस्ताचे नावच ‘हक्कसोडपत्र’ आहे. स्थावर मालमत्तेतील हक्क असा सोडायचा तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ नुसार दस्त नोंदवावा लागतो. मग फेरफार होतो आणि सात-बाऱ्यावरील नाव जाते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. हा हक्क जन्मतःच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २(२) मुळे केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. कोलाम आणि गोंड स्त्रियांच्या बाबतीत म्हणून प्रश्न एक पायरी आधीच सुरू होतो : जे सोडायचे ते मुळात हाती आले होते का? दुसरीकडे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाताना, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली पूर्वपरवानगी लागते. धारक राजी आहे एवढे पुरत नाही. ‘सोडणे’ या क्रियापदामागची राजीखुशी तपासून घ्यावी लागते, हे कायद्याने तेथे गृहीत धरले आहे.

आता भाषांतर. ‘तिने जमिनीतील आपला हिस्सा सोडला’ : दस्तात हेच लिहिले जाईल, इंग्रजी पर्याय ‘रिलिंक्विश्ड’. ‘हिस्सा सोडून दिला’ : वाद नको म्हणून तिने विषय संपविला, येथे ‘लेट गो ऑफ’ जवळचे. ‘हिस्सा भावाला देऊन टाकला’ : औदार्य किंवा थोडी बेफिकिरी, इंग्रजीत ‘गेव्ह अवे’. ‘हिश्श्यावर पाणी सोडले’ : मिळणार नाही हे तिने जाणले. ‘हिस्सा सोडावा लागला’ : येथे ‘हॅड टु’ जोडल्याशिवाय इंग्रजी वाक्य खरे होत नाही. मूळ वाक्यातील ‘गेव्ह अप’ यांपैकी काहीच सांगत नाही. ती स्वतः दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेली की नेली गेली, हेही नाही. विद्यार्थ्याने ‘सोडला’ लिहिले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. ‘सोडावा लागला’ असे लिहिले तर ते उताऱ्यातील कोणत्या शब्दावरून लिहिले, हे त्याला विचारावे. त्याने पुढच्या-मागच्या वाक्यातील आधार दाखविला तर तेही उत्तर ग्राह्य धरावे. आधार उताऱ्यात नसून त्याच्या घरातला असेल, तर गुण कापावे लागतील. परंतु त्याने वाक्य समजून घेतले नाही, असा शेरा मात्र उत्तरपत्रिकेवर लिहिता येणार नाही.